वर्लीनचं तळणाशी वैर

वर्लीन ब्लेनमनचा नवरा डबा विसरत नसे, हरवत नसे आणि कुणाला देऊनही टाकत नसे. सकाळी तिने भरून दिलेला डबा तो इमानेइतबारे व्हॅनच्या सीटखाली ठेवायचा, दिवसभर सेंट जॉर्ज ते ब्रिजटाऊन अशा प्रवाशांच्या खेपांत फिरवायचा आणि संध्याकाळी जसाच्या तसा तिच्या हातात आणून द्यायचा. उघडून बघावं तर आतलं रताळं, वाफवलेला मासा, भेंडी, सगळं उन्हाने आंबून गेलेलं.

"डब्याला बेट दाखवायला नेतोस का रे रोज?" ती विचारायची.

"बिचारा घरात बसून कंटाळतो गं," डार्नली म्हणायचा आणि बूट काढायला बसायचा.

त्याने काय खाल्लं हे विचारावंच लागत नसे. सदऱ्याच्या बाहीला चिकनचं तेल आणि छातीवर टोमॅटो सॉसचा डाग. वर्लीन हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. परक्या लोकांच्या चादरींवरचे डाग ओळखण्यात तिची उमर गेली होती, घरचे डाग ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता.

डार्नलीच्या अंगात साखर होती. त्यांच्या घराण्यातच ती होती. त्याची आई शेवटची वर्षं एका पायाने खाटेवर काढून गेली. हे सगळं माहीत असून हा माणूस रोज दुपारी व्हॅनच्या थांब्यासमोरच्या दुकानातून खोकं मागवायचा. तळलेली कोंबडी, बटाट्याच्या फोडी, वर लाल सरबताची बाटली. गाडीतून उतरायचंही नाही. कंडक्टर खिडकीतून आणून द्यायचा. एक हात स्टिअरिंगवर, एक हात खोक्यात, आणि पाठीमागे वाजणारं गाणं एवढं मोठं की पोटाने "पुरे" म्हटलं तरी ऐकू जायचं नाही.

एके काळी हा माणूस रस्त्यावरचं टेनिस खेळायचा. डांबरावर खडूने पट्टे आखून, मध्ये लाकडाची फळी उभी करून. तो खेळायला लागला की बसवाले बस थांबवून बघायचे. वर्लीननेही त्याला पहिल्यांदा बघितलं ते तिथेच. बेडकासारखा बसून चेंडू उचलायचा आणि पापणी लवते न लवते तोच दुसऱ्या टोकाला उभा दिसायचा. आता त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधताना धाप लागत होती.

"डार्नली, साखर तपासून ये."

"गेल्या वेळी तपासली की."

"गेल्या वेळी या बेटावर राणीचं राज्य होतं."

तो हसायचा. वर्लीनचा खरा संताप या हसण्यावर होता. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हसणाऱ्यापुढे हात टेकावे लागतात.

एका शनिवारी ती मोजे धूत होती, तर एका मोज्याचा वास तिला वेगळा आला. घामाचा नव्हे. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या बाजूला नव्या बुटाने फोड आला होता, तो फुटून आत काळं पडलं होतं. बोट दाबलं तर डार्नली खिडकीबाहेर बघत गाणं गुणगुणत होता.

"दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

तिने मोजे तसेच टाकले आणि त्याला उठवलं. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत काळेपणा शेजारच्या बोटात गेला होता. दोन बोटं काढावी लागली.

शस्त्रक्रियेनंतर ती भेटीच्या वेळेला वॉर्डात गेली, घरून शिजवलेलं सूप घेऊन. लांबूनच तिला ओळखीचा वास आला. डार्नलीच्या खाटेवर खोकं उघडलेलं, त्याच्या हातात कोंबडीची तंगडी, आणि शेजारच्या स्टुलावर त्याचा जिवलग दोस्त फिट्झरॉय, तोही व्हॅनचाच ड्रायव्हर, दात कोरत बसलेला.

"फिट्झरॉय!"

"या, मिस वर्लीन!" तो म्हणाला; तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात. "बघा, आपला पैलवान कसा खुशीत आहे."

"त्याची दोन बोटं गेलीत ती कशाने, माहीत आहे?"

"साखरेने," फिट्झरॉय गंभीरपणे म्हणाला. "म्हणून तर या वेळी मी सरबत नाही आणलं."

वर्लीनला हसावं की रडावं कळेना. तिने खोकं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. फिट्झरॉय दुखावला. "आजारी माणसाला बघायला रिकाम्या हाताने यायचं का मग?" तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. खरंच त्याच्याकडे आणण्यासारखं दुसरं काय होतं? परतताना ती थांब्यावर उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कोंबडी तळलेली, मासा तळलेला, केळं तळलेलं, गोड पाव आणि रंगीत सरबतं. पहाटे घर सोडलेल्या माणसाने इथे उकडलेला पदार्थ खायचं ठरवलं असतं तरी त्याला तो मिळाला नसता.

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं. लाँड्रीत तसेही तिचे दिवस कमी केले होते. तिने नोकरी सोडली, थांब्यावर टेबल मांडलं, छत्री उभारली, आणि मोठमोठी पातेली घेऊन उभी राहिली. भेंडी घालून घोटलेलं मक्याचं पीठ, वाफवलेला उडता मासा, उकडलेलं कोनफळ, काकडीचं लोणचं.

पहिला आठवडा दणक्यात गेला. डार्नलीची बायको म्हणून सगळे ड्रायव्हर आले. "मिस वर्लीन, माझ्या आजीची आठवण झाली," असं म्हणत बोटं चाटून गेले. दुसऱ्या आठवड्यात आजी त्यांना तेवढी आठवेना.

"चव छान आहे हो, पण खाल्ल्यासारखं वाटत नाही," एकजण म्हणाला.

"मी काय आजारी आहे का?" दुसरा म्हणाला.

"खुसखुशीत काही नाही का? नुसतं तोंडाला?" तिसऱ्याने विचारलं.

दुपारी पातेली भरलेली परत न्यायची. डार्नली काठी टेकत दाराशी यायचा आणि पातेल्यात डोकावून म्हणायचा, "आज बेट फिरून आली वाटतं?"

तेव्हा वर्लीनच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो तिला फार शहाणपणाचा वाटला. लोकांना तळलेलं हवंय ना? मग थोडं तळू. भज्यांच्या वासाने येतील आणि भज्यांबरोबर दोन घास भेंडीचे खातील. खारवलेला मासा, भोपळा, मिरची घालून तिची आई माशाची भजी करायची. ती कृती तिच्या हातात होती. तिने एक कढई घेतली.

भजी पहिल्याच दिवशी तासाभरात संपली. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट केली. मग पाव आणले. पाव मधोमध चिरून त्यात दोन भजी दाबायची, वर पिवळ्या मिरचीचा ठेचा. थांब्यावर या खाण्याला 'पाव-दोन' म्हणतात आणि ते लोकांचा जीव की प्राण. वर्लीनचं पाव-दोन म्हणजे सगळ्यांत सरस, असं कंडक्टर लोक गाडीच्या दारात लोंबकळत ओरडून सांगायला लागले. रांगा लागल्या. भेंडीचं पातेलं आधी टेबलाच्या कडेला गेलं, मग टेबलाखाली, आणि एक दिवस घरीच राहिलं.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या चादरी सपाट केल्या, कुणी तिचं नावही विचारलं नव्हतं. आता तिच्या हातच्या घासासाठी माणसं उन्हात उभी राहत होती. घराच्या छपराला नवा पत्रा आला. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "वर्लीन, देवाने दार उघडलं बघ तुझ्यासाठी."

डार्नलीला आता व्हॅन चालवता येत नव्हती. तो टेबलाशेजारी स्टुलावर बसून सुटे पैसे द्यायचा, गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा आणि अधूनमधून तोंड हलवायचा.

"काय खातोयस?"

"मोडलेलं भजं गं. मोडलेलं गिऱ्हाइकाला कसं देणार?"

"आज फार मोडतायत."

"तुझं पीठ सैल झालं असेल."

ते तोच मोडत होता हे तिला दिसत होतं. पण रांगेत माणसं खोळंबलेली असायची, तेल धुरावलेलं असायचं. ती म्हणायची, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी पाठ भरून आलेली असायची आणि बोलणं राहून जायचं.

सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला त्याच्या पायाचं ड्रेसिंग व्हायचं. जखम भरायचं नाव घेत नव्हती. एकदा सिस्टर येअरवुडने पट्टी सोडली, बराच वेळ पायाकडे बघत राहिली, मग साखरेचा आकडा बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मिसेस ब्लेनमन, घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करते."

"हे बाहेर कुठे खातात का?"

वर्लीनने हात फ्रॉकला पुसले. सिस्टर तिच्याकडे निरखून बघायला लागली. तिच्या फ्रॉकला, केसांना, हातांना तेलाचा वास होता. कितीही धुतला तरी तो जात नव्हता.

"अगंबाई! तुम्हीच ना थांब्यावरच्या भजीवाल्या?" सिस्टरचा चेहरा एकदम खुलला. "आमच्याकडे शुक्रवारी सगळी मंडळी तुमच्याकडचंच मागवतात हो! डॉक्टरसुद्धा!"

डार्नली पोट धरून हसला. वर्लीनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती. कुणाच्या पायाला पट्टी, कुणाच्या विजारीचा एक पाय गुडघ्याखाली पिन लावून दुमडलेला. त्यांतल्या दोघांनी तिला हात केला. दोघंही तिची रोजची गिऱ्हाइकं होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा तिने कढई उचलून त्याच्या गाडीत टाकली. तो म्हणाला, "अहो, चांगली आहे की!" ती म्हणाली, "तुला हवी तर तू तळ."

त्यानंतर ती पुन्हा पातेली घेऊन थांब्यावर गेली. रांगेतल्या माणसांनी झाकणं उघडून बघितली आणि एकच गिल्ला केला.

"मिस वर्लीन, तुम्हाला काय, देव दिसला की डॉक्टर?" फिट्झरॉय म्हणाला.

"मला तुझा पाय दिसला, फिट्झरॉय. सुजलाय तो. आधी तो बघ."

"माझ्या पायाचं तुम्ही नका काढू. भजी काढा."

लोक हसले आणि पांगले. आणि मग व्हायचं तेच झालं. थोड्याच दिवसांत रस्त्याच्या पलीकडे मोनेल नावाची एक तरणीताठी बाई कढई घेऊन उभी राहिली. हसतमुख, चटपटीत, दोन पोरांची आई. तिला नावं ठेवण्याजोगं काही नव्हतं. वर्लीनची रांग रस्ता ओलांडून तिकडे गेली. इकडे उरली ती वर्लीन, भेंडी आणि स्टुलावर बसलेला डार्नली.

एका दुपारी डार्नली उठला. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाला.

"कुठला पाय?" वर्लीनने विचारलं. तो न ऐकल्यासारखं करून काठी टेकत गर्दीत शिरला.

थोड्या वेळाने एक व्हॅन पुढे सरकली आणि तिला पलीकडचा कठडा दिसला. कठड्यावर बसून डार्नली पाव-दोन खात होता. डोळे मिटून.

वर्लीनने हातातला डाव पातेल्यात टाकला आणि रस्ता ओलांडला. हॉर्न वाजले, एका ड्रायव्हरने शिवी दिली, तिला कशाचं भान नव्हतं.

"लाज नाही वाटत तुला?"

डार्नलीने डोळे उघडले. या वेळी तो हसला नाही.

"भूक लागली होती, वर्लीन."

"आणि तिकडे मी काय दगड शिजवून ठेवलेत?"

"तिकडे..." तो थांबला. मग एकदम म्हणाला, "तुझ्या ताटात मला दवाखाना दिसतो. घास घेतला की आईची खाट दिसते. तू मला जेवायला वाढतच नाहीस, औषध पाजतेस. आणि वर उभी राहून बघतेस, गिळलं की नाही. जन्मभर मी त्या गाडीत बसून काढला. मागे गोंधळ, पुढे पोलीस, मालकाचा फोन. दिवसात तेवढं एक खोकं गरम असायचं आणि माझं असायचं. तेवढ्यात कुणी मला हाका मारत नव्हतं."

थांब्यावर कुणीतरी गाणं बंद केलं होतं. सगळे ऐकत होते.

"झालं तुझं?" वर्लीन म्हणाली. "आता माझं ऐक. मला काय भेंडी घोटायची हौस आहे? मला नाही वाटत गरम, खुसखुशीत काही खावं? तुला दवाखाना दिसतो ना, मला दर आठवड्याला तो चढायला लागतो! उद्या तो पाय गेला की तुला उचलून संडासात कोण नेणार? ही मोनेल? हा फिट्झरॉय? तुझ्या आईला मी उचललंय, डार्नली. तू गाडीवर होतास. मी उचललंय तिला. ओझं कळतं मला, माणूस अर्धं झालं तरी ओझं अर्धं होत नाही!"

आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर ती ढसाढसा रडली. मोनेलने धावत येऊन तिला पाणी दिलं. ते घ्यावं लागलं याचाही तिला राग आला.

डार्नलीने उरलेला पाव कठड्यावर ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी त्याने ताटातलं सगळं खाल्लं आणि एकही थट्टा केली नाही. वर्लीनला ती शांतता थट्टेपेक्षा जड गेली.

पण शरीर असल्या समेटांची दखल घेत नाही. ऊसकापणीनंतरच्या जत्रेचे ढोल वाजत होते त्या आठवड्यात त्याला ताप भरला, आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जिथे एवढी भांडणं झाली, एवढं रडून झालं, तिथे शेवटी जे टाळायचं होतं तेच झालं. "मग मी केलं ते काय होतं?" असं तिने सिस्टर येअरवुडला विचारलं. सिस्टर म्हणाली, "उशीर." ती वाईट बाई नव्हती, पण दिवसभर पाय बघून तिलाही गोड बोलायला वेळ उरत नव्हता.

घरी आल्यावर डार्नली फार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पुढे एकदा वर्लीन बाहेरून आली तर परसात धूर. त्याने खुर्ची ओढत नेऊन कोळशाची शेगडी पेटवली होती आणि झाडावरून कुणाकडून तरी काढून घेतलेला नीरफणस सबंध निखाऱ्यावर ठेवला होता. साल कोळशासारखी काळी झाली होती आणि वास गल्लीभर पसरला होता.

"तळलेलं नाही," तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "उकडलेलंही नाही."

साल सोलली तेव्हा आतून वाफ आली. वर खारा मासा, कांदा, ठेचा. वर्लीनने त्याला एक फोड दिली. त्याने आणखी मागितली. यातही साखर वाढते हे सिस्टरने सांगितलेलं होतं; त्यावरून दोघांचं भांडण झालं. अर्ध्या फोडीवर तडजोड झाली. पण भांडता भांडता दोघं एकाच ताटातून खात होती.

आता थांब्यावर वर्लीनच्या टेबलाशेजारी शेगडी असते आणि डार्नली चाकाच्या खुर्चीत बसून निखारे सारखे करतो. धुराला वास आहे, त्याने चारदोन माणसं वळतात. डार्नलीची साखर उतरली आहे, पण जिथे असायला हवी तिथे नाही. फिट्झरॉयलाही साखर निघाली. ते त्याने वर्लीनला एकटीला गाठून, आजूबाजूला बघत सांगितलं, जणू चोरीच केली होती. तो आता एक दिवस तिच्याकडे जेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोनेलकडे, आणि याला तो पथ्य म्हणतो.

"अर्ध्या पायाने वाचशील मग," वर्लीन त्याला सुनावते.

मोनेलची रांग अजूनही मोठी आहे. दर व्हॅनमधून नवं कुणीतरी उतरतं, धुराकडे नाक करत टेबलाशी येतं आणि विचारतं, "मावशी, भजी आहेत?"

"नाहीत. समोर जा."

बहुतेक जण जातात. एखादा जरा रेंगाळतो, "मग आहे काय?" असं विचारतो, आणि वर्लीन, कपाळावरची आठी न पुसता, पातेल्यावरचं झाकण काढून त्याच्यासमोर धरते.